उपस्थात्याचा आधार : सिकलसेलग्रस्त बालक, त्याचे कुटुंब आणि आपण

प्रस्तावना

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी भिषक् म्हणजे आपण स्वतः. द्रव्याचा अभ्यास आपण आयुष्यभर करतो आणि रोगी तर रोज समोर बसलेला असतो. उपस्थात्याच्या बाबतीत मात्र उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे चार गुण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहून आपण पुढे जातो. चार दिवसांच्या ज्वरात किंवा आठ दिवसांच्या अतिसारात याने फारसे बिघडत नाही. परंतु व्याधी जन्मभराचा आणि रोगी बालक असेल, तर उपस्थात्याची सेवाही वर्षानुवर्षांची होते. हा उपस्थाता म्हणजे कोणी नेमलेला परिचारक नव्हे. ती आई असते, बाप असतो, आजी असते, आणि कित्येक घरांत शाळा बुडवून धाकट्याजवळ बसणारी थोरली बहीण असते. हा पाद खचला, तर उरलेल्या तीन पादांवर चिकित्सा उभी राहत नाही.

सिकलसेल या व्याधीच्या आधारे या तिसऱ्या पादाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विदर्भात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास हा व्याधी टाळता येत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर आणि आमचा वर्धा हे जिल्हे त्याच्या पट्ट्यात येतात. सातपुड्यातील नंदुरबारकडेही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. नागपूर भागातील सिकलसेलची नोंद डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली वैद्यकीय वाङ्मयात केली होती. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीपासून हा व्याधी येथे ज्ञात आहे.

आमचा व्यवसाय वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी (मेघे) येथे आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन मोठी शिक्षण रुग्णालये येथून थोड्याच अंतरावर आहेत. तेव्हा निदानाची व तातडीच्या उपचारांची सोय या परिसरात नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. तथापि, बालक रुग्णालयात वर्षातील मोजके दिवस असते. बाकीचे दिवस ते घरी, शाळेत आणि शेताच्या बांधावर असते. त्या दिवसांत कुटुंब प्रथम ज्याच्या दारात येते, तो गल्लीतील वैद्य असतो किंवा कोपऱ्यावरील औषध विक्रेता. म्हणून हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांचा आहे, असे आम्ही मानतो.

व्याधीचे स्वरूप

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात आदिबलप्रवृत्त व्याधींचे मातृज व पितृज असे दोन प्रकार केले आहेत. सिकलसेलचा आजार होण्यासाठी हे दोन्ही दोष एकत्र यावे लागतात. एकाच पालकाकडून सदोष जनुक आले, तर अपत्य केवळ वाहक होते. वाहक हा रोगी नव्हे. त्याचे आयुष्य सर्वसामान्यांसारखेच असते. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्य पीडित होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. ‘प्रत्येक गर्भारपणात’ हे शब्द कुटुंबास आवर्जून समजावून सांगावेत. पहिले मूल पीडित निघाले म्हणून पुढील तीन सुखरूप असतील, असा हिशेब अनेक घरांत मांडला जातो. तो चुकीचा आहे.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांत नष्ट होते. त्यामुळे पांडुता व नेत्रपीतता येते. प्राणवायू कमी पडला की या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात आणि त्या भागाचा रक्तपुरवठा रोखतात. अस्थी, प्लीहा, फुप्फुस, वृक्क व मेंदू यांना त्याचा फटका बसतो. नवजात बालकात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असल्याने पहिले काही महिने लक्षणे दिसत नाहीत. सहा महिन्यांच्या सुमारास हातापायांचे पंजे सुजून लेकरू रडू लागते. बोलू न शकणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या चेष्टांवरून कशी ओळखावी, हे काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात सांगितले आहे. हात लावताच किंचाळणारे, एक पाय उचलूनच न घेणारे बालक पाहिले की त्या अध्यायाचे मोल कळते.

साध्यासाध्यतेच्या परिभाषेत हा व्याधी याप्य आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने काही रुग्ण बरे होतात. परंतु योग्य दाता, खर्च व जोखीम यांमुळे तो मार्ग बहुतेक कुटुंबांना खुला नाही. याप्य व्याधीत पथ्य व औषध अखंड चालू ठेवणे हीच चिकित्सा असते, आणि ते चालू ठेवतो तो उपस्थाता.

कुटुंबाच्या गरजा

१. निदानाचा अर्थ दोघांनाही सांगणे. तपासणीच्या वेळी बहुधा आईच हजर असते. निदान तिच्याच कानी पडते आणि घरी जाऊन ते सांगण्याचे ओझेही तिच्यावरच येते. ‘तुझ्याकडूनच आले’ हा आरोप त्यापाठोपाठ येतो. आमच्याकडे अशा माता आल्या आहेत, ज्यांना बालकाच्या आजारापेक्षा सासरच्या या एका वाक्याने अधिक खचविले होते. मातृज व पितृज असे दोन्ही दोष असल्याशिवाय हा आजार होत नाही, हे वैद्याने वडिलांना व आजी-आजोबांना समोर बसवून सांगितले, तर पुष्कळ फरक पडतो. त्यासाठी औषध लागत नाही, दहा मिनिटे लागतात. वैद्याच्या शब्दाला घरात जो मान असतो, तो येथे कामी आणावा.

२. धोक्याची लक्षणे हाताशी असणे. उपचारज्ञता हा उपस्थात्याचा पहिला गुण होय, आणि तो शिकविल्याशिवाय येत नाही. पुढील लक्षणे दिसताच बालकास विनाविलंब रुग्णालयात न्यावे : १०१ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, धाप किंवा छातीत दुखणे, अचानक पांढरेफटक पडणे व पोटाची डावी बाजू फुगणे, चेहरा वाकडा होणे, हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा झटके येणे, घरगुती उपायांनी न थांबणारी वेदना, आणि किशोरवयीन मुलात लाजेमुळे लपविले जाणारे, दीर्घकाळ टिकणारे वेदनायुक्त शिश्नोत्थान. यांपैकी तापाचे गांभीर्य घरच्यांना सर्वांत कमी वाटते. या बालकांची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे साधा वाटणारा ताप काही तासांत जंतुदोषाचे घातक रूप घेऊ शकतो. प्लीहेत अचानक रक्त साठणे हाही असाच प्राणघातक प्रकार आहे. जमैका बेटावर मातांना घरीच बालकाची प्लीहा चाचपण्यास शिकविण्यात आले, तेव्हा या प्रकाराने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. आपल्याकडील मातेचा हात त्याहून कमी शहाणा नाही. बालक बरे असताना तिचा हात धरून डाव्या बरगडीखाली प्लीहा कोठे लागते, हे एकदा दाखवावे.

३. दिनचर्या व ऋतुचर्या. पाण्याची कमतरता, अति उष्णता, थंडी, अतिश्रम आणि जंतुसंसर्ग ही वेदनेच्या झटक्याची प्रमुख निमित्ते आहेत. वर्ध्याचा मे महिना आणि येथील डिसेंबरच्या पहाटा दोन्हीही या बालकांना कठीण जातात. उन्हाळ्यात दिवसभर थोडे थोडे पाणी, ताक, पेज. हिवाळ्यात कोमट पाण्याने स्नान व उबदार कपडे. विहिरीत किंवा कालव्यात पोहण्यास मनाई : इतके नियम कुटुंबास पाळता येतात. ऋतुचर्या सांगणे हा तर आपला घरचा विषय आहे.

४. मजुरीचा तोटा. हिवाळ्यात कापूस वेचणीचा हंगाम असतो आणि थंडीमुळे झटकेही त्याच दिवसांत वाढतात. रोजंदारीवरील आई बालकाजवळ बसली, तर त्या दिवसाची मजुरी गेली. कामावर गेली, तर जीव घरी अडकलेला. औषध मोफत मिळाले तरी प्रवास, बुडालेला रोज आणि रुग्णालयाबाहेरचे जेवण यांचा खर्च उरतोच. ‘तुम्ही नियमित का आला नाहीत’ असे विचारण्यापूर्वी आपण हा हिशेब मनात मांडावा. तपासणीची तारीख बाजाराच्या दिवशी किंवा मजुरीच्या सुट्टीस जुळवून द्यावी.

५. शाळा. सिकलसेलच्या बालकाचे वृक्क मूत्र घट्ट करू शकत नाहीत. त्यामुळे त्याला वारंवार लघवीस जावे लागते, आणि मोठे झाल्यावरही काही मुले अंथरूण ओले करतात. हा आळस नव्हे, वात्रटपणाही नव्हे. वर्गात पाण्याची बाटली ठेवण्याची व मागताक्षणी बाहेर जाण्याची परवानगी, उन्हात कवायतीतून सूट, झटक्यामुळे झालेल्या गैरहजेरीबद्दल समजूतदारपणा : एवढे शाळेकडून हवे असते. वैद्याने आपल्या कागदावर पाच ओळींचे पत्र मुख्याध्यापकांच्या नावे दिले, तर पालकास तोंडी विनवण्या कराव्या लागत नाहीत.

६. भावंडे व स्वतः उपस्थाता. आजारी मुलाभोवती घर फिरू लागले की निरोगी भावंड मागे पडते. त्याचीही तपासणी झाली आहे काय, ते शाळेत जाते काय, हे विचारावे. आईची झोप, तिची पाठदुखी, तिची भूक यांची चौकशी त्याच भेटीत करावी. रात्र-रात्र लेकराचे पाय चोळणाऱ्या स्त्रीस ‘तुम्ही स्वतः कशा आहात?’ हा प्रश्न बहुधा कोणी विचारलेला नसतो.

आपल्या हातून काय होऊ नये

सिकलसेल हा आयुर्वेदाच्या चौकटीत सहज फसविणारा व्याधी आहे. पांडुता पाहून पांडुरोग, नेत्रपीतता पाहून कामला आणि सांध्यांची सूज पाहून आमवात असे निदान होते, आणि त्या त्या अधिकारातील चिकित्सा सुरू होते. यातील धोके स्पष्ट बोलले पाहिजेत.

पांडुरोगासाठी नवायस लोह, पुनर्नवा मंडूर, धात्री लोह हे कल्प आपल्या हाताशी असतात. परंतु सिकलसेलमधील पांडुता लोहाच्या अभावाने नव्हे, तर रक्तपेशींच्या नाशाने येते. वारंवार रक्त चढविलेल्या बालकाच्या शरीरात लोह आधीच साचलेले असते. लोहाची कमतरता सोबत असू शकते. परंतु ती रक्ततपासणीने सिद्ध झाल्याशिवाय लोहकल्प देऊ नयेत. आरोग्यवर्धिनीतही लोहभस्म असते, हे कामलेची चिकित्सा करताना विसरू नये.

कामलेत विरेचन आणि आमावस्थेत लंघन हे आपले पायाभूत उपक्रम आहेत. सिकलसेलच्या बालकात मात्र शरीरातील द्रव कमी होणे हेच वेदनेच्या झटक्यास निमंत्रण ठरते. म्हणून वमन, विरेचन, उपवास व तीव्र स्वेदन वर्ज्य समजावे. कोमट तेलाचा हलका अभ्यंग व सौम्य शेक यांनी बालकास सुख मिळते. तो आईच्या हातून व्हावा आणि त्यापलीकडे त्याविषयी दावा करू नये. लंगडत चालणाऱ्या किशोरास महिनोन्‌महिने मालिशीवर ठेवू नये. रक्तपुरवठा तुटल्याने खुब्याच्या सांध्यातील अस्थी झिजत असण्याची शक्यता असते, आणि विलंबाने कायमचे वैगुण्य येते.

सांधेदुखीवर स्टिरॉइड देणे या रुग्णांत विशेष घातक आहे. त्याने नवा झटका ओढवू शकतो. ज्या चूर्णात काय आहे हे ठाऊक नाही, ते चूर्ण अशा बालकास देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चालू औषधे बंद करू नयेत. लहान वयातील प्रतिबंधक पेनिसिलिन, फॉलिक ॲसिड, न्यूमोकोकल लस व हायड्रॉक्सियुरिया यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके व रक्त चढविण्याची गरज कमी होते. हे औषध ठरावीक काळाने रक्तपेशींची मोजणी करीत घ्यावयाचे असते. ‘आमचे औषध सुरू, त्यांचे बंद’ असे म्हणणारा वैद्य उपस्थात्यास दोन दारांच्या मध्ये उभा करतो. दोन्हीकडचे कागद एकाच फाईलमध्ये असावेत आणि आपण काय दिले ते त्यात लिहावे.

औषध विक्रेत्यांची भूमिका

हायड्रॉक्सियुरिया कर्करोगाच्या काही प्रकारांतही वापरले जाते. त्यामुळे ‘ही तर कॅन्सरची गोळी आहे’ हे उद्गार दुकानाच्या खिडकीतून निघतात आणि घाबरलेली आई गोळी बंद करते. महिनाभराने ते बालक झटक्याने रुग्णालयात दाखल झाल्याचे आपणास कळतही नाही. अमेरिकेत हे औषध १९९८ पासून सिकलसेलसाठी मान्यताप्राप्त आहे. एवढे वाक्य विक्रेत्यास ठाऊक असले तरी एक घर सावरते. हे औषध चिठ्ठीशिवाय देऊ नये आणि मात्रेत परस्पर बदल करू नये. ते संपण्यापूर्वी मागवून ठेवल्यास कुटुंबाचा खंड पडत नाही.

सौम्य वेदनेसाठी पॅरासिटामॉल वयानुसार व वजनानुसार द्यावे. इतर वेदनाशामके पाणी कमी पडलेल्या बालकाच्या वृक्कांना अपाय करू शकतात, म्हणून ती वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावीत. तापमापक घरात नसेल तर तो घेण्यास सुचवावे. ताप उतरविण्याची गोळी देतानाच ‘आधी रुग्णालय’ हे सांगावे. रक्त वाढविणारी टॉनिके व कायमचा इलाज म्हणून येणारी पाकिटे यांबाबत गिऱ्हाईक गमावण्याची तयारी ठेवावी. हतबल पालक शेवटची बांगडी विकूनही असे पाकीट घेतो, म्हणूनच ते त्याला विकू नये.

संघटित आधार

कुटुंबाची गरज कुटुंबालाच प्रथम कळते, याचे उदाहरण नागपुरात आहे. संपत रामटेके हे स्वतःच्या मुलाच्या आजारामुळे या कार्याकडे वळले आणि सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून त्यांनी रुग्ण व पालक यांना एकत्र आणले. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. एका पित्याने आपल्या घराचे दुःख सार्वजनिक प्रश्न म्हणून मांडले, ही या भागाच्या इतिहासातील मोठी गोष्ट होय.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत थॅलेसेमिया व हिमोफिलियासोबत सिकलसेलचाही समावेश आहे. त्यानुसार दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळविता येते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास शिक्षण व परीक्षेतील सवलतींचा मार्ग मोकळा होतो. राज्य परिवहन महामंडळाच्या सवलतींच्या यादीत सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि उपचारासाठीच्या प्रवासास रेल्वेही भाड्यात सवलत देते. लागणाऱ्या कागदपत्रांची चौकशी आगारात व स्थानकावर करावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून २०४७ पर्यंत या व्याधीचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यातील मुख्य भर तपासणी व समुपदेशनावर आहे.

या सवलती कागदावर असतात आणि कुटुंब चौकशीच्या खिडकीपाशी थकून परत जाते. येथे वैद्याचे काम अगदी साधे आहे : कोणते कागद लागतात याची यादी दवाखान्यात लावणे, आणि नव्या कुटुंबाची गाठ जुन्या कुटुंबाशी, अर्थातच दोघांच्या संमतीने, घालून देणे. दहा वर्षे मुलाला सांभाळलेली आई नव्या आईस जे सांगते, ते आपणास सांगता येत नाही.

विवाहापूर्वीची तपासणी हाही आधाराचाच भाग आहे. ती सुचविताना वाहक मुलीस अपात्र ठरविण्याचे साधन आपण देत नाही ना, याचे भान ठेवावे. तपासणी दोघांची व्हावी. दोघेही वाहक निघाल्यास गर्भारपणाच्या आरंभीच होणाऱ्या गर्भतपासणीची माहिती द्यावी, निर्णय त्यांचा. हा व्याधी एखाद्या जातीचा आहे, असा समज गावोगाव आहे. अनेक समाजांत तो आढळतो, आणि हिवतापाच्या प्रदेशात वाहकांना मिळालेल्या संरक्षणामुळे हे जनुक टिकून राहिले, एवढे स्पष्टीकरण त्यास पुरेसे आहे.

समारोप

प्रत्येक दवाखान्यात सिकलसेलग्रस्त बालकांसाठी एक वेगळी वही असावी, अशी आमची सूचना आहे. बालकाच्या नावापुढे औषधाची नोंद तर असावीच. त्याशिवाय घरी सांभाळणारी व्यक्ती कोण, तिला धोक्याची लक्षणे सांगता येतात काय, घरात तापमापक आहे काय, शाळेस पत्र दिले काय, भावंडांची तपासणी झाली काय, आणि प्रमाणपत्राचा अर्ज कोठवर आला, असे सहा रकाने असावेत. दर भेटीस एक रकाना भरला, तरी वर्षभरात त्या घराचे चित्र पालटलेले दिसेल.

बीजदोष दूर करणे आज आपल्या हाती नाही. परंतु चार पादांपैकी जो पाद दिवसरात्र बालकाच्या उशाशी बसलेला आहे, त्यास बळ देणे पूर्णतः आपल्या हाती आहे. त्यास द्रव्याचा खर्च नाही आणि पदवीचा भेदही नाही. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शिबिर घेण्याचे ठरविल्यास, रक्ताच्या तपासणीबरोबर मातापित्यांसाठीही एक तास राखून ठेवावा, अशी वैद्यबंधू-भगिनींना व औषध विक्रेत्यांना विनंती आहे.